बोळा, बाळागोळी आणि चोखणी

मराठीत ‘तो काही बोळ्याने दूध पीत नाही’ असा वाक्प्रचार आहे. समोरचा मनुष्य फसण्याइतका भोळा नाही, एवढे सांगण्यास आपण तो वापरतो; बोळा म्हणजे काय, हे विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. आईचे दूध पुरेनासे झाले, किंवा आईच बाळंतपणात गेली, म्हणजे स्वच्छ फडक्याचा वा कापसाचा बोळा दुधात भिजवून तान्ह्याच्या ओठांशी धरावयाचा आणि मुलाने तो चोखून पोट भरावयाचे, ही ती रीत. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरी चांदीचे किंवा पितळेचे बोंडले असे. पण बोंडल्याने केवळ पोट भरते. बोळ्याचा गुण निराळा. त्यातील दूध संपले तरी मूल तो सोडीत नाही आणि चोखता चोखता झोपी जाते. अन्नाचे साधन त्या क्षणी समाधानाचे साधन होते. ज्या वस्तूचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो, तिचा जन्म ह्याच क्षणातला. आज ती रबराची किंवा सिलिकोनची असते, तिला मागे ढाल व कडी असते, दुकानात ती ‘निपल’ ह्या नावाने मिळते, आणि मराठीत तिला चोखणी म्हणतात.

चोखणी देणे सोपे, ती सोडवणे कठीण, हे लहान मूल असलेल्या कोणत्याही घरी विचारले असता कळेल. ह्या सोडवण्याकडे आपण मुलाच्या हट्टाचा प्रश्न म्हणून पाहत आलो आहोत. आमच्या मते तो मूलतः आईच्या वेळेचा प्रश्न आहे. आणि मुंबई व तिच्या उत्तरेचा पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू हा किनारा ह्यांच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या हकीकतीत त्याची जितकी उघड साक्ष मिळते, तितकी अन्यत्र क्वचितच मिळेल.

चोखण्याची ओढ मुलाला कोणी शिकवीत नाही. गर्भातच अंगठा तोंडात घातलेले मूल आज यंत्राच्या पडद्यावर आईबापांना दाखविता येते. युरोपातही आपल्या बोळ्याचे भावंड फार जुने आहे. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५०६ साली काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात मेरीच्या मांडीवरील बालयेशूच्या हाती फडक्याची गाठ मारलेली एक लहानशी पुरचुंडी दिसते. तिकडच्या आया तीत गोड खाऊ बांधून मुलास चोखावयास देत. देवाच्या पुत्रालाही ती देण्यात चित्रकारास काही वावगे वाटले नाही, ह्यावरून तिचा प्रसार केवढा असेल ते ताडावे.

आपले शास्त्र मात्र ह्या बाबतीत अधिक सावध होते. चरकाने मुलाची खेळणी कशी असावीत ते सांगितले आहे. ती चित्रविचित्र व आवाज करणारी असावीत, जड नसावीत, टोकदार नसावीत आणि तोंडात शिरतील अशी नसावीत. त्याच ठिकाणी तो बजावतो की, मूल रडत असेल किंवा जेवत नसेल तर राक्षसपिशाचांची नावे घेऊन त्यास भिववू नये. बागुलबुवाचा जन्म ह्या आज्ञेच्या आधीचा की नंतरचा, हे सांगता येत नाही. पण घरोघर त्याचा मुक्काम आहे, म्हणजे चरकाचे कोणी ऐकले नाही, एवढे नक्की. वाग्भटाने दूध तोडण्याची जी पद्धत दिली आहे तिच्यात ‘क्रमाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दात आले की मुलाला क्रमाक्रमाने अंगावरून दूर करावे, आणि त्या वेळी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर ह्यांचे लाडू द्यावेत, असे तो म्हणतो. (आजचे डॉक्टर वर्षाच्या आतील मुलास मध वर्ज्य सांगतात, चोखणी मधात बुडवून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) लाडवांतील जिनसांपेक्षा त्यांमागची दृष्टी आम्हांस मोलाची वाटते. एक वस्तू काढून घ्यावयाची तर तिच्या जागी दुसरी द्यावयाची, आणि तीही सावकाश. व्यवहारात मात्र आपल्याकडे स्तनाला कडुनिंबाचा पाला किंवा कोरफडीचा गर लावून एकदोन दिवसांतच काम उरकण्याची रीत पडली. अर्थात् ज्या घरी आजी, मावशी, आत्या अशी चार माणसे मुलाला कडेवर घेण्यास होती, तेथे हा कडू उपायही निभावून जाई. पाला कडू असे; कडा रिकाम्या नसत.

कडा रिकाम्या पडल्या त्या गिरणीच्या भोंग्याने. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या अर्धशतकात कोकण व घाट येथून माणसांचा लोंढा परळ-लालबागकडे वाहू लागला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याचे होते. सूत गुंडाळण्याच्या खात्यात तर मुख्यत्वे त्याच असत. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसास अकरा तासांवर आणून ठेवले होते. ही मर्यादा दयेची म्हणून गणली गेली, ह्यावरून आधीची स्थिती कळते. चाळीतल्या एका खोलीत तान्हे मूल ठेवून जी आई अकरा तास बाहेर राहणार, तिने त्या मुलाचे करावयाचे काय? सासू गावी, नणंद दुसऱ्या गिरणीत, शेजारीण स्वतःच्याच मुलांनी बेजार. ह्या प्रश्नाचे उत्तर बाजारात तयार होते. मोहरीएवढ्या किंवा जरा मोठ्या आकाराच्या गोळीत ते मावत असे, आणि त्यास बाळागोळी म्हणत.

बाळागोळीत इतर औषधी पदार्थांबरोबर अफू असे. वाचकांनी हिला बाळगुटीशी एक समजू नये. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग यांचे ठरावीक वेढे उगाळून देण्याची बाळगुटी हा वेगळा प्रकार आहे, आणि तो उगाळण्यासाठी आजीच्या हाताला पुष्कळ वेळ असावा लागतो. गोळीला वेळ लागत नव्हता. तेच तिचे आकर्षण. ती गिळविली की मूल तासन् तास स्वस्थ पडून राही. अफूचा गुण असा की ती रडे थांबविते, परंतु त्याबरोबर भूकही मारते, आतड्यांची चाल मंदावते, आणि प्रमाण थोडे चुकले तर श्वासही. भुकेलेले मूल रडत नाही म्हणून त्याला दूध मिळत नाही, आणि दूध मिळत नाही म्हणून ते सुकत जाते. सगळे शांतपणे घडते. मुलाच्या रडण्यासारखा प्रामाणिक निरोप्या जगात दुसरा नाही, आणि गोळीने नेमके त्याचेच तोंड बंद केले.

ही चाल गिरण्यांनी निर्माण केली, असे मात्र म्हणता येणार नाही. १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अफू कमिशनापुढे तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीविषयी ठिकठिकाणच्या साक्षीदारांनी सांगितले होते, आणि त्यांत गिरण्यांचा वाराही न लागलेले प्रांत होते. गिरणीने एवढेच केले की, जी गोळी अडीअडचणीला दिली जाई, ती रोजची झाली. १९२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्यासाठी डॉ. बार्न्स ह्या स्त्रीडॉक्टरने गिरणीतील बाळंतिणींच्या स्थितीची पाहणी केली. कामगार स्त्रियांच्या शंभर अर्भकांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असा आकडा तीत निघाला. तो छापून आल्यावर मुंबईत आणि मुंबईबाहेर बरीच खळबळ उडाली. खळबळ उडविणाऱ्यांपैकी अनेकांनी आयांच्या अज्ञानास दोष दिला. आम्हांस हे न्यायाचे वाटत नाही. शंभरांपैकी दहा आया एखादी गोष्ट करीत असतील तर ते अज्ञान म्हणता येईल. अठ्ठ्याण्णव करीत असतील तर त्या परिस्थितीला दुसरे काही नाव शोधावे लागते.

आणि अज्ञानच म्हणावयाचे तर ते मुंबईचे एकटीचे नव्हते. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरणगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड पेय मजूर बायका मुलांना पाजीत असत. एंगल्सने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लो’ ह्या बाईंच्या नावाने विकले जाणारे सरबत मॉर्फीन घालून केलेले असे आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ घरोघर खपले. जेथे कापसाचे यंत्र गेले, तेथे मागोमाग मूल झोपविण्याचे औषध गेले. मुंबईची गिरणी लँकेशायरच्या धर्तीवर बांधली गेली, आणि तेथल्याप्रमाणे तिच्या सावलीत ही बाटलीची बहीणही नांदली.

आता सोडवण्याची गोष्ट. अफू लागलेल्या मुलाची गोळी एकदम बंद केली तर ते रात्रंदिवस किंचाळते, त्यास वांत्या व जुलाब होतात, झोप उडते. म्हणजे ज्या रडण्याच्या भीतीने गोळी दिली, ते रडणे सव्याज परत येते, आणि तेही जिला पहाटे उठून कामावर जावयाचे आहे अशा आईच्या उशाशी. तीन रात्री जागून काढण्याइतकी रजा जिला नाही, ती पहिल्याच रात्री पुन्हा डबी उघडणार, ह्यात नवल ते काय? एवढी साधी गोष्ट उपदेशकांच्या ध्यानात येत नसे.

ह्या ठिकाणी एक मौजेचा, खरे तर विषादाचा, मेळ दाखविल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या सरकारच्या खजिन्यात अफूचा पैसा पडत होता, त्यालाही अफू सोडावयाची होती. १९०७ साली चीनशी जो करार झाला त्याने चीनला जाणारी हिंदुस्थानी अफू दरसाल दशांशाने कमी करून दहा वर्षांत थांबवावयाची असे ठरले. १९२६ साली औषधाव्यतिरिक्त इतर सर्व निर्यातीविषयी असाच निर्णय झाला. पुन्हा दरसाल दशांश, आणि १९३५ अखेर पूर्ण बंद. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली दिल्लीस अफू परिषद भरली, तिनेही देशातील अफूसेवन दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने नाहीसे करण्याचे ठरविले, आणि १९५९ च्या एप्रिलपासून औषधाखेरीज अफूची विक्री बंद झाली. तीनही वेळा मुदत दहा वर्षांची! महसुलाची गोडी लागलेल्या राज्यांस वाग्भटाचा ‘क्रमाने’ हा शब्द मान्य होता. चाळीतल्या आईने मात्र मुलाची गोळी आज रात्रीच बंद करावी, अशी सर्वांची अपेक्षा होती.

ह्या गोंधळात काही माणसांना मुद्दा नीट दिसला होता. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले. ते पार पडले नाही. पुढे मुंबई इलाख्यातच तसे विधेयक आले, तेव्हा १९२८ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात त्याचे समर्थन केले. प्रसूतीच्या आधी व नंतर आईस विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय होता. पण सरकार तो उचलीत नाही तोवर, जो त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्या मालकाने तो सोसावा, ह्यात त्यांना अन्याय दिसला नाही. १९२९ साली मुंबईत कायदा झाला; हिंदुस्थानातील आपल्या जातीचा तो पहिला. १९३४ च्या कारखाना कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९४८ च्या कायद्याने ती खोली सक्तीची झाली, आणि १९७६ साली पन्नासांचा आकडा तीसांवर आला. आईला ठरावीक वेळाने येऊन मूल पाजता यावे, अशीही तरतूद करता येण्याजोगी होती.

बाळागोळीचा खरा उतारा पाळणाघराची ही खोली होती, असे आमचे मत आहे. पण तिच्या दाराशीच एक अडथळा होता. स्त्रियांसाठी खर्च करावा लागतो म्हटल्यावर पुष्कळ मालकांस स्त्रियाच नकोशा झाल्या. त्यास यंत्रांच्या व कामाच्या नव्या मांडणीसारखी इतर कारणेही होती. परंतु १९३० नंतर मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण उतरत गेले ते गेलेच. मूल व गोळी ह्यांची ताटातूट पुष्कळदा अशा रीतीने झाली की, आईची व पगाराची ताटातूट आधी झाली. आंबेडकरांनी भार सरकारने उचलावा असे जे म्हटले होते, त्यातील दूरदृष्टी येथे पटते.

रबरी चोखणीकडे आता वळू. ढाल व कडी असलेला तिचा हल्लीचा आकार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिद्ध झाला. तिचे स्वागत मोठ्या रागाने झाले. न्यूझीलंडचे बालसंगोपनाचे आचार्य ट्रुबी किंग ह्यांनी तिच्यावर शस्त्रच उपसले होते. ती घाणेरडी, दात बिघडविणारी आणि आळशी आयांची सोय, असा एकंदर सूर असे. घाणीविषयीचे म्हणणे त्या काळी खोटे नव्हते. जमिनीवर पडलेली चोखणी पदराला पुसून पुन्हा तोंडात जावयाची, आणि जुलाबाने मुले दगावण्याचे ते दिवस होते. तरीही बाळागोळीचा इतिहास वाचून जो तिच्याकडे येईल, त्याला ह्या रागाचे थोडे हसू येईल. चोखणी मुलाचे तोंड गुंतविते. रक्तात शिरत नाही. तोंडातून काढली की मूल भूक लागल्याचे ओरडून सांगू शकते.

पुढे वैद्यकाचे मतही एका जागी स्थिर राहिले नाही. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी स्तनपानाच्या यशासाठी जी दहा सूत्रे सांगितली, त्यांत अंगावर पिणाऱ्या मुलांना चोखणी देऊ नये, असे एक सूत्र होते. २००५ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मात्र, झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू टाळण्यासाठी निजविताना चोखणी द्यावी, अशी शिफारस केली. २०१८ साली पहिल्या सूत्राचीही भाषा मवाळ झाली, आणि मनाईऐवजी आयांना धोके समजावून सांगावेत, एवढ्यावर गोष्ट आली. सहा महिन्यांपुढे तिच्यामुळे कानाचे दुखणे वाढते. तीन वर्षांपुढे ती चालू राहिली तर वरखालचे पुढचे दात मिटत नाहीत आणि मध्ये फट राहते. एवढ्यावर आज बहुतेकांचे एकमत आहे. म्हणजे प्रश्न देण्याचा फारसा उरला नाही. केव्हा आणि कशी सोडवावी, ह्याचाच उरला.

आणि त्या प्रश्नाची उकल, चोखणीचे नावही न घेता, मुंबईच्या उत्तरेस डहाणू तालुक्यातील दोन गावी झाली. १९४५ साल ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात वारल्यांच्या उठावाचे. वेठीविरुद्ध, आणि गवत कापण्याच्या मजुरीसाठी, गोदावरी परुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली वारली उभे राहिले. हे गवत मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना जाई. शहरातल्या मुलांच्या दुधासाठी डहाणू-तलासरीकडच्या आया दिवसभर विळा घेऊन रानात असत. त्यांची स्वतःची मुले कोठे असत, ह्याची चौकशी शहराने केली नाही. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; ‘अंगणवाडी’ हे नाव तेथले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींत गेले.

कोसबाडला दोघींच्या ध्यानात आले की, पाड्यावर मुलाला शांत ठेवण्याचे साधन अफू नव्हे, रबर नव्हे. ते साधन म्हणजे सहासात वर्षांची मोठी बहीण. आई रानात, आणि धाकटे मूल ताईच्या कडेवर. ताई शाळेत जाईना ती हट्टाने नव्हे. तिची कंबर गुंतलेली होती. तेव्हा विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. ताईने येताना धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्यास बालवाडीत सोडावे, आणि आपण वर्गात बसावे. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. वस्तू काढून घेण्याआधी तिची जागा भरून काढावी, हा वाग्भटाच्या लाडवांचाच न्याय होता. फक्त येथे सोडविण्याची वस्तू हाडामांसाची होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली तेव्हा तिने अंगणवाडी हे नाव उचलले, ते साऱ्या देशात पसरले. नावाबरोबर पाळणाघर मात्र सर्वत्र गेले नाही. अंगणवाडीचा वर्ग तीन वर्षांपुढील मुलांचा, आणि तोही काही तासांचा. त्याखालच्या वयाची मुले बहुतेक ठिकाणी आहाराच्या पुड्यांपुरती व वजनाच्या काट्यापुरती तेथे येतात. आमच्या दृष्टीने ही मोठीच उणीव आहे, कारण चोखणीचे वय नेमके तेच.

कोसबाडपासून दक्षिणेस थोड्याच अंतरावर तारापूर. तेथील अणुवीज केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. त्याच वर्षी दिल्लीत मीरा महादेवन यांनी इमारतींच्या कामावरील मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर उघडले, आणि लौकरच ते काम मुंबईसही आले. उंच इमारतीच्या पायाशी झोळी बांधून मूल ठेवणारी मजूर आई, हे दृश्य तोवर सर्वांच्या परिचयाचे होते. परिचयामुळेच ते दिसेनासे झाले होते. तारापूरच्या केंद्रामागोमाग बोईसरला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढली. रसायने, कापड, पोलाद. २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी, पूर्वी ज्याचा तालुका माहीमच्या नावाने ओळखला जाई ते पालघर, स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. परळ-लालबागला जो प्रसंग शंभर वर्षांपूर्वी ओढवला, तो आता बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांत पाहावयास मिळतो. नवराबायको दोघेही परप्रांतातून किंवा जव्हार-मोखाड्याकडून आलेली, सासू गावी, पाळी बदलती. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास माणसांच्या आस्थापनेस पाळणाघर आवश्यक ठरले, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. कागदावर ह्याहून चांगले काय हवे? पण कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेल्या बाईचे नाव कोणत्या आस्थापनेत मोजावयाचे, हा वाद कायद्याहून लांबत जातो, आणि तोवर मूल चालावयास लागते.

म्हणूनच बोईसर स्टेशनाबाहेरच्या हातगाड्यांवर कंगवे, आरसे, मोबाईलची आवरणे ह्यांच्या शेजारी रंगीत चोखण्यांची माळ लटकलेली पाहून आम्हांस राग येत नाही. बाळागोळीच्या मानाने ही फार निरुपद्रवी पाहुणी आहे. तिच्या निरोपाच्या रीतीही जगभर गंमतीच्या आहेत. कोपनहेगनच्या एका उद्यानात असे झाड आहे की, मुले आपली चोखणी स्वतःच्या हाताने त्याच्या फांदीला बांधतात आणि तिला निरोप देऊन घरी जातात. आपल्याकडे हे काम कावळा करतो. ‘काऊने नेली’ म्हणून आई रिकामे हात दाखविते, मूल खिडकीकडे पाहते. झाडाची रीत आम्हांस अधिक आवडते, कारण तीत फसवणूक नाही. पण कावळ्याचीही निंदा करवत नाही, कारण तो निदान भिववीत नाही. चोखणीचे टोक रोज थोडे कापणारे आहेत, तिला कडू लावणारे आहेत (कापलेला तुकडा घशात जाऊ शकतो, तेव्हा हा पहिला प्रकार सोडावा हे बरे). डॉक्टर सांगतात ते सरळ आहे. आधी दिवसाची बंद करावी, मग दुपारच्या झोपेची, शेवटी रात्रीची. आणि ज्या वेळी मूल ती मागेल त्या वेळी त्यास जवळ घ्यावे, थोपटावे, गाणे म्हणावे. दोनतीन रात्री ते रडेल, मग विसरेल.

त्या दोनतीन रात्री कोठून आणावयाच्या, हे डॉक्टर सांगत नाहीत. ज्या घरी आजी आहे तेथे कावळा तिसऱ्या दिवशी यशस्वी होतो. ज्या खोलीत आई दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला परतते, आणि भिंतीपलीकडच्या माणसास पहाटे पाचला पहिली पाळी गाठावयाची असते, तेथे मूल अर्धा तास रडले की भिंतीवर थाप पडते. मग आई उठते, फळीवरचा डबा उघडते, आणि कावळ्याने नेलेली चोखणी त्यातून परत निघते.